जुनी मिलपासून सुरू करा: घटनेवरचे निकाल वाचायचे कसे

लॉ करणारे, एमपीएससीवाले, आणि पेपरात "सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निकाल" वाचून नेमकं झालं काय हे न कळलेले, अशा सगळ्यांसाठी लिहितोय. रविवारी सकाळी माझ्याकडं चार-पाच पोरं-पोरी वह्या घेऊन येतात आणि नवीन आलेल्याचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं, सर केशवानंद भारती (संसद घटना कुठवर बदलू शकते हे ठरवणारा १९७३ चा निकाल) वाचायला घेतलंय पण वीस पानांच्या पुढं जाईना. जाणारच नाही. तेरा न्यायमूर्ती, अकरा वेगवेगळी निकालपत्रं, ६८ दिवसांची सुनावणी, आणि पानापानावर मागच्या निकालांचे संदर्भ. पोहायला शिकायचं म्हणून पहिल्याच दिवशी कुणी उजनीत उडी टाकत नाही, आधी गावातली विहीर, पाठीला डबा, काठावर कोणतरी मोठं माणूस, तसंच आहे हे.

तर केशवानंद ठेवा बाजूला, आधी जुनी मिल घ्या.

हो, आपल्या सोलापूरचीच जुनी मिल. कागदावरचं नाव शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. सुप्रीम कोर्ट सुरू झालं जानेवारी १९५० ला आणि पहिल्या चार वर्षांतच या एका गिरणीवरून दोन निकाल आले, पहिला सरकारच्या बाजूनं, दुसरा सरकारच्या विरोधात, आणि दुसऱ्यानंतर संसदेनं घटनाच दुरुस्त केली. देशभरातल्या लॉ कॉलेजात हे दोन्ही शिकवतात. माझे आजोबा त्याच मिलमध्ये साचे खात्यात होते, त्यांना हे कधी कळलं नाही आणि मला पण लॉच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पत्ता नव्हता, ज्या कंपाउंडवरून रोज सायकलनं जायचो त्याच्यावरून घटनेत एक ओळ वाढलीय हे वाचलं तेव्हा मी तो निकाल परत पहिल्यापासून वाचायला घेतला.

गोष्ट थोडक्यात. ऑगस्ट १९४९ ला मिल बंद पडली, कामगार घरी बसले. ९ जानेवारी १९५० ला, म्हणजे गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) तोंडावर, दिल्लीतून वटहुकूम निघाला, फक्त या एका कंपनीसाठी. कारभार नीट नाही, दुर्लक्ष झालंय, त्यामुळं गरजेच्या मालाचं उत्पादन अडलंय आणि बेकारी झालीय, म्हणून कंपनीचा ताबा सरकारनं नेमलेल्या डायरेक्टर लोकांकडं. जुने डायरेक्टर गेले, शेअरहोल्डरला नवे निवडता येईनात, त्यांनी मीटिंग घेऊन काही ठराव केला तरी सरकारच्या मंजुरीशिवाय लागू होणार नाही, कंपनी बंद करायचा अर्ज पण सरकारला विचारल्याशिवाय करायचा नाही. सतरा दिवसांनी घटना लागू झाली. एप्रिलमध्ये त्याच वटहुकुमाचा कायदा झाला. आता घटना आहे, मूलभूत हक्क आहेत, तेव्हा एक शेअरहोल्डर सरळ सुप्रीम कोर्टात गेला. इथून वाचायला सुरुवात करायची.

आधी निकाल हातात घ्या. त्यासाठी पैसे घालवू नका. सुप्रीम कोर्टाचं ई-एससीआर पोर्टल आहे, २०२३ ला सुरू झालं, १९५० पासूनचे रिपोर्ट झालेले निकाल तिथं फुकट आहेत, आणि इंडियन कानून ही साइट आहे जिथं एका निकालातून दुसऱ्यावर लिंकनं उडी मारता येते, त्याचा उपयोग पुढं सांगतो. शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा, आत्ताचं सोलापूरचं स्पेलिंग टाकलं तर जुने निकाल सापडत नाहीत, त्या काळी स्पेलिंग एस-एच-ओ असं होतं, शोलापूर, तसं टाका. बऱ्याच निकालांची मराठी भाषांतरं पण आता मिळतात, समजून घ्यायला जरूर वापरा, पण एखाद्या शब्दावर गाडी अडली की इंग्रजी मूळच बघायचं कारण कोर्टात तेच धरतात.

पहिला निकाल चिरंजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार, ४ डिसेंबर १९५०, एआयआर १९५१ एससी ४१. दुसरा द्वारकादास श्रीनिवास विरुद्ध शोलापूर स्पिनिंग, १८ डिसेंबर १९५३, एआयआर १९५४ एससी ११९. एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, आपल्या नागपुरातून निघणारं, मग खंडाचं वर्ष, मग कोर्ट, मग पान. बघा, दोन्हीकडं खंडाचं वर्ष निकालाच्या पुढचं आहे. परीक्षेत पोरं हमखास १९५१ आणि १९५४ लिहून येतात. तारीख आत निकालावर बघायची.

उघडल्यावर सगळ्यात वर बारीक टाइपात सारांश असतो, हेडनोट. तो कोर्टाचा नसतो, रिपोर्ट छापणाऱ्या संपादकांचा असतो. नकाशा म्हणून बघा आणि पुढं चला, त्यातलं वाक्य उचलून "कोर्ट म्हणालं" असं कुठं लिहू नका.

मग डायरेक्ट शेवटच्या पानावर जा. याचिका फेटाळली, मंजूर केली, अपील मंजूर, खर्च कुणावर. ही सवय मला एका जुन्या वकिलांनी लावली आणि फार कामाची आहे, कारण शेवट माहीत असला की मधलं सगळं "इथपर्यंत पोचले कसे" म्हणून वाचता येतं, नाहीतर न्यायमूर्ती आधी एका बाजूचा युक्तिवाद चार पानं सांगतात आणि आपण तोच निकाल समजून खाली रेघा मारत बसतो. रेघा मारायच्याच तर दोन रंग ठेवा, वकील काय म्हणाले ते एका रंगात आणि कोर्टानं काय ठरवलं ते दुसऱ्या.

शेवट बघून परत पहिल्या पानावर यायचं आणि तीन गोष्टी वहीत लिहायच्या, कोण आलं, कुणाविरुद्ध, आणि नेमकं काय मागितलं. नेमकं हा शब्द महत्त्वाचा. चिरंजितलालमध्ये शेअरहोल्डर म्हणतो, हा कायदा माझे हक्क मोडतो, रद्द करा, आणि तो घटनेच्या कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात आलाय. द्वारकादासमध्ये पण शेअरहोल्डरच आहे, पण प्रेफरन्स शेअरवाला. शंभर रुपयांचा शेअर, पन्नास भरलेले, पन्नास बाकी. सरकारनं बसवलेल्या डायरेक्टरांनी नोटीस काढली की बाकीचे पन्नास भरा. तो मुंबई हायकोर्टात दावा घेऊन गेला की मुळात तुम्हाला बसवणारा वटहुकूमच घटनाबाह्य आहे मग तुम्ही मला पैसे मागणारे कोण, तिथं हरला, अपिलात सुप्रीम कोर्टात आला. पन्नास रुपये दर शेअरमागं. घटनेतले मोठे प्रश्न बहुतेक वेळा अशाच कुठल्यातरी पैशाच्या, जमिनीच्या, नोकरीच्या भांडणातून आलेले असतात, ते भांडण समजलं नाही तर पुढचं तत्त्वज्ञान हवेत राहतं.

आता ज्या ठिकाणी सगळ्यात जास्त लोक चुकतात ते. घटनेचं पुस्तक, आत्ताचं, उघडून कलम ३१ काढा. काहीच नाही, निरसित म्हणून लिहिलंय. कलम १९ मध्ये पण उपखंड च गाळलेला दिसेल, मालमत्ता मिळवायचा, बाळगायचा, विकायचा हक्क तिथं होता. म्हणजे ज्या कलमांवर दोन्ही निकाल उभे आहेत तीच आज पुस्तकात नाहीत. म्हणून निकाल वाचायच्या आधी त्या दिवशी कलम कसं होतं ते शोधायचं, बऱ्याचदा निकालातच ते पूर्ण उतरवलेलं असतं. १९५० चं कलम ३१ ढोबळमानानं असं, पहिला भाग, कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही, आणि दुसरा भाग, सार्वजनिक कामासाठी ताब्यात घ्यायची किंवा संपादन करायची तर त्या कायद्यात भरपाईची तरतूद पाहिजे. हे डोळ्यासमोर ठेवलं की निकाल निम्मा सोपा होतो. मी विद्यार्थ्यांना वहीत ते कलम हातानं लिहून काढायला लावतो, झेरॉक्स चालत नाही.

मग प्रश्न मोजा. चिरंजितलालमध्ये मोठे प्रश्न दोन-तीन आहेत. एक, शेअरहोल्डर कंपनीच्या वतीनं रडू शकतो का? कोर्ट म्हणतं कंपनीचा हक्क वेगळा आणि शेअरहोल्डरचा वेगळा, कंपनीचा हक्क गेला असेल तर कंपनीनं यावं, तू तुझ्या हक्काचं बोल, आणि तुझे शेअर तर तुझ्याकडंच आहेत, विकू शकतोस, डिव्हिडंड निघाला तर मिळेल, मतदानावर बंधन आलंय म्हणजे तुझी मालमत्ता सरकारनं घेतली असं होत नाही. दोन, समानता, कलम १४, देशात एवढ्या गिरण्या असताना एकाच कंपनीसाठी कायदा कसा? इथं बहुमतानं जे सांगितलं ते आजही रोज कोर्टात ऐकायला मिळतं. एकटी व्यक्ती किंवा एकटी कंपनी हा पण एक वर्ग होऊ शकतो, कायदा घटनेला धरूनच आहे असं आधी गृहीत धरायचं, आणि ज्याला तो चुकीचा वाटतो त्यानं दाखवून द्यायचं की अशाच अवस्थेत दुसऱ्या कंपन्या होत्या आणि त्यांना सोडलं. याचिकाकर्त्यानं तसं काही कागदावर आणलं नव्हतं. याचिका फेटाळली.

इथं थांबून विचार करा, ही केस तत्त्वावर जितकी ठरली तितकीच पुराव्याच्या अभावावर ठरली. दाखवायची जबाबदारी कुणावर होती ही एकच ओळ वहीत लिहून ठेवली तरी कलम १४ चे पुढचे शंभर निकाल उलगडतात.

निकाल तीन विरुद्ध दोन होता. सरन्यायाधीश कानिया, न्या. फजल अली आणि न्या. मुखर्जी एका बाजूला, न्या. पतंजली शास्त्री आणि न्या. दास दुसऱ्या. अल्पमत सोडून द्यायचं नाही, माझं मत विचाराल तर घटनेच्या निकालात अल्पमत आधी वाचलं तरी चालतं. न्या. दास यांचा मुद्दा साध्या भाषेत असा की कायदा एकाच कंपनीला लागू आहे हे तर त्याच्या तोंडावर दिसतंय, निवडीचं कुठलंच तत्त्व त्यात दिसत नाही, मग गृहीत धरायचं ते किती धरायचं, न सांगितलेलं काहीतरी कारण असेलच असं मानत बसलो तर समानतेच्या कलमाला अर्थ काय उरला. तुम्हाला कोण पटतं ते वहीत लिहा, बरोबर-चूक नाही त्यात, पण लिहिल्याशिवाय पुढच्या निकालाला हात लावू नका.

मत मोजणं या प्रकाराबद्दल जरा जास्त सांगतो कारण आत्ताच्या काळात घोळ इथंच होतो. मतं निकालाची एकत्र मोजायची नसतात, प्रश्नागणिक मोजायची असतात. ५ मे २०२१ चा मराठा आरक्षणाचा निकाल घ्या, आपल्याकडं चहाच्या टपरीपासून कोर्टाच्या पायरीपर्यंत सगळे त्यावर बोलले. पाच न्यायमूर्ती. इंद्रा साहनी निकालातली आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा परत मोठ्या बेंचकडं, म्हणजे जास्त न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडं, पाठवायची गरज नाही आणि राज्याचा २०१८ चा कायदा ती मर्यादा ओलांडून टिकत नाही, यावर पाचही एकत्र. पण १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवायचा अधिकार राज्यांकडं राहिला का नाही, यावर तीन विरुद्ध दोन. एकाच निकालात दोन वेगळे आकडे. आणि त्या तीन विरुद्ध दोनला उत्तर म्हणून संसदेनं त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती करून राज्यांना अधिकार परत दिला. ज्यानं नुसतं "आरक्षण गेलं" एवढं वाचलं त्याला ही दुरुस्ती कशासाठी आली हे कधीच कळणार नाही. टीव्हीवर सुनावणी चालू असताना न्यायमूर्ती काय बोलले त्याची बातमी होते, ते पण निकालात धरायचं नाही, वकिलाला कोंडीत पकडायला प्रश्न विचारतात ते, सही झालेल्या कागदात जे आहे तेवढंच खरं.

बेंच किती जणांचं हे पण पहिल्या पानावरच लिहून ठेवायचं. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर कमीत कमी पाच न्यायमूर्ती लागतात, कलम १४५(३). लहान बेंच मोठ्या बेंचचा निकाल मोडू शकत नाही, त्याला पटला नाही तर मोठं बेंच बसवा म्हणून पाठवावं लागतं. म्हणून तर ५० टक्क्यांची मर्यादा हलवायची तर नऊच्या वर न्यायमूर्ती लागतील, इंद्रा साहनी १९९२ ला नऊ जणांनी दिलाय. आणि २०१७ ला खासगीपणाच्या हक्कासाठी नऊ जण का बसले, कारण वाटेत १९५४ चा आठ जणांचा निकाल आडवा होता.

बरं, आता द्वारकादास. तोच वटहुकूम, तीच मिल, तीन वर्षांनी. इथं कोर्ट म्हणतं, कारभार, मालाचा ताबा, डायरेक्टर निवडणं, कंपनी बंद करायची का चालू ठेवायची हे ठरवणं, सगळं गेलं, मालकी नावापुरती राहिली, तर हे कलम ३१ खालचं ताब्यात घेणंच झालं, आणि भरपाईची तरतूद नाही, म्हणून वटहुकूम टिकत नाही. सरकारचं म्हणणं होतं की आम्ही मालक झालो नाही, नुसती देखरेख करतोय. कोर्टानं नाव काय दिलंय ते सोडून प्रत्यक्षात काय घडलंय ते बघितलं.

एका पोरीनं लगेच विचारलं होतं, सर मग निकाल पलटला की ओ, चिरंजितलाल संपलं. नाही संपलं. कोर्टाची एक पद्धत आहे, वकील लोक त्याला डिस्टिंग्विश करणं म्हणतात, मागचा निकाल चूक म्हणायचं नाही, आजची केस त्याच्यापेक्षा वेगळी कुठं आहे ते दाखवायचं. पहिल्या शेअरहोल्डरकडून कुणी काही मागितलं नव्हतं. याच्याकडून पैसे मागितलेत, याच्या अंगावर थेट बोजा आलाय, तो बोजा घालणाऱ्यांचा अधिकारच तपासायचा त्याला हक्क आहे. म्हणून दोन्ही निकाल शेजारी शेजारी उभे आहेत आणि दोन्ही आजपर्यंत कोर्टात सांगितले जातात. ही जागा नीट समजली की घटनेचा कायदा वाढतो कसा ते समजलं म्हणा, बहुतेक वेळा तो असा बाजूनं, तथ्यांच्या फरकातून सरकत जातो, मागचं मोडून टाकणारे निकाल फार कमी.

आता वहीची गोष्ट. दोनशे पानी वही घ्या आणि डावं पान कोर्टाचं, उजवं पान संसदेचं असं ठरवून टाका. जुनी मिलनं सुरुवात करा. उजवीकडं, जानेवारी १९५०, वटहुकूम, खाली एप्रिल १९५०, कायदा. डावीकडं, डिसेंबर १९५०, टिकला. डावीकडंच, डिसेंबर १९५३, वटहुकूम घटनाबाह्य. परत उजवीकडं, १९५५, चौथी घटनादुरुस्ती. त्यात म्हटलं की मालकी किंवा ताब्याचा हक्क सरकारच्या नावावर होत नसेल तर ते सक्तीचं संपादन धरायचं नाही, आणि कलम ३१क मध्ये घातलं की लोकहितासाठी किंवा नीट कारभारासाठी ठरावीक मुदतीपुरतं व्यवस्थापन हातात घेणारा कायदा समानता किंवा मालमत्तेच्या हक्काच्या नावाखाली रद्द होणार नाही. द्वारकादासला दिलेलं सरळ उत्तर आहे ते. अर्थात त्या दुरुस्तीमागं हा एकच निकाल नव्हता, बंगालचे जमिनीचे निकाल पण होते, बेला बॅनर्जी आणि सुबोध गोपाल, ते पण डाव्या पानावर लिहा.

पुढं वही आपोआप भरत जाते. १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण, १९७० ला कूपर निकाल, अकरा न्यायमूर्ती, दहा विरुद्ध एक, कायदा रद्द, आणि तिथंही आलेला माणूस शेअरहोल्डरच, तिथंही सरकारनं म्हटलं की हक्क बँकेचा, याचा काय संबंध, आणि कोर्टानं आपल्या मिलचे दोन्ही निकाल काढून सांगितलं की याच्या स्वतःच्या हक्काला धक्का बसला असेल तर नुसता शेअरहोल्डर आहे म्हणून याला परत पाठवता येणार नाही. मी म्हणालो ना लिंकनं उडी मारायचा उपयोग सांगतो, तो हाच, कूपरच्या निकालात शोलापूर शोधा, सापडेल, मग मागं जा. १९६७ गोलकनाथ, सहा विरुद्ध पाच, संसद मूलभूत हक्क कमी करू शकत नाही. १९७१, २४ वी आणि २५ वी दुरुस्ती, पहिली गोलकनाथला उत्तर, दुसरी कूपरला, भरपाई हा शब्द काढून रक्कम हा शब्द घातला. आणि मग २४ एप्रिल १९७३, केशवानंद, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, घटना दुरुस्त करा पण तिची मूळ चौकट मोडू नका. आता वाचा ते. आता ते हवेतून पडल्यासारखं वाटणार नाही, कारण तेवीस वर्षं डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं काय चाललं होतं ते तुमच्या वहीत आहे.

१९७६ ची ४२ वी दुरुस्ती आणि तिचा काही भाग रद्द करणारा १९८० चा मिनर्व्हा मिल्स निकाल, ते पण शेजारी शेजारी लिहा, आणि लक्षात घ्या, मिनर्व्हा ही पण कापड गिरणीच, बंगलोरकडची, सरकारनं आधी कारभार हातात घेतला आणि मग राष्ट्रीयीकरण केलं. गिरणीवरून सुरू झालेला प्रश्न तीस वर्षांनी परत गिरणीतच आला. मधे १९७८ ची ४४ वी दुरुस्ती, तिनं कलम ३१ काढून टाकलं आणि मालमत्तेचा हक्क कलम ३००क मध्ये नेऊन ठेवला, मूलभूत राहिला नाही, पण घटनेतला हक्क राहिला.

याचा आपल्याशी संबंध काय असं कुणी विचारलं तर महामार्गात जमीन जाणाऱ्या अक्कलकोट किंवा बार्शीच्या शेतकऱ्याला विचारा. कलम ३००क साठी कलम ३२ खाली थेट दिल्लीला जाता येत नाही, तो रस्ता मूलभूत हक्कांचा आहे, तुम्हाला कलम २२६ खाली हायकोर्टात जावं लागतं. आपल्या जिल्ह्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचला, आधीसारखी मुंबई गाठायला लागत नाही. आणि हक्क मूलभूत राहिला नाही म्हणून पोकळ पण झाला नाही, मे २०२४ ला कोलकाता महापालिकेच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ३००क च्या पोटात सात गोष्टी आहेत, नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणं देऊन निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य भरपाई, वेळेत आणि नीट पार पडणारी प्रक्रिया, आणि ती शेवटाला नेणं. बेंच किती जणांचं? दोन. लिहून ठेवा, कारण उद्या मोठं बेंच काय म्हणेल त्यावर याचं वजन ठरेल.

शेवटची एक गोष्ट जी मी प्रत्येकाकडून करून घेतो आणि जी पुस्तकात नसते. निकाल वाचून झाल्यावर लिहायचं, या कोर्टरूममध्ये कोण नव्हतं. जुनी मिलच्या दोन्ही निकालांत कंपनी आहे, शेअरहोल्डर आहेत, सरकार आहे. कामगार नाहीत. कायद्याच्या सुरुवातीला एका विशिष्ट वर्गात मोठी बेकारी झाली असं एक वाक्य आहे, माझे आजोबा तेवढ्या वाक्यात आहेत, बाकी शेकडो परिच्छेदांत कुठंच नाहीत. ते चूक म्हणून सांगत नाहीये, त्या काळी कोर्टाचं दार ज्याचा हक्क गेला त्याच्यासाठीच उघडत होतं आणि कामगाराचा इथं हक्क काय असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पण म्हणून मी पोरांना पुढचा निकाल वाचायला देतो, नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियन विरुद्ध रामकृष्णन, डिसेंबर १९८२, पाच न्यायमूर्ती, तीन विरुद्ध दोन. कंपनी बंद करायचा अर्ज कोर्टात आला तर कामगारांना तिथं उभं राहून आपलं म्हणणं मांडता येईल का? बहुमत म्हणालं येईल, न्या. भगवती यांनी त्यासाठी कलम ४३क चा, म्हणजे उद्योगाच्या कारभारात कामगारांना सहभाग द्यावा सांगणाऱ्या कलमाचा, आधार घेतला, जे ४२ व्या दुरुस्तीनं आलं होतं. जी दुरुस्ती मिनर्व्हामध्ये काही अंशी मोडीत निघाली तिचंच दुसरं एक कलम इथं कामगारांच्या कामाला आलं. एका दुरुस्तीला सरसकट चांगलं किंवा वाईट म्हणायची सवय असेल तर ती इथं सुटते.

एवढं सगळं एका दमात होत नाही. आमच्याकडं चिरंजितलालला दोन रविवार लागतात, द्वारकादासला दोन, मधल्या सगळ्या साखळीला महिना-दीड महिना, आणि मग केशवानंद, त्यात पण आधी न्या. खन्ना यांचं निकालपत्र. घाई असेल तर आज एवढंच करा, घटनेचं पुस्तक उघडा, कलम ३१क चा खंड (१), त्यातला उपखंड ख काढा. तो अजून जागेवर आहे. मर्यादित कालावधीसाठी मालमत्तेचं व्यवस्थापन हाती घेणं, अशा अर्थाची एकच ओळ आहे. कुठल्या गिरणीचं नाव त्यात नाही, गावाचं नाही. पेन्सिलीनं शेजारी समासात लिहा, १८ डिसेंबर १९५३, जुनी मिल.